तांब्याचे मासे

शनिवारी दुपारी सूनबाई घरी आली तेव्हा तिच्या खांद्याला पर्स होती, हातात झाकणाचा मोठा डबा होता आणि डब्यात बारा मासे होते. सासऱ्यांनी दार उघडलं, झाकण किलकिलं करून आत डोकावले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा डोकावले.

"जिवंत आहेत," ते म्हणाले.

"असायलाच हवेत, बाबा. साक्षीदार आहेत ते."

"कसले?"

"कालव्याचे. महिनाभर चौथ्या पुलाखाली होते. सोमवारपर्यंत आपल्याकडे राहतील."

बाबांनी साक्षीदारांना वाट करून दिली.

शहराच्या मधोमध वाहणाऱ्या कालव्याचं पाणी ज्या प्रयोगशाळेत तपासलं जाई, तिथे सूनबाई नोकरीला होती. तीस वर्षं तिथे एकच पद्धत चालत आली होती. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जायचं, बाटली बुडवायची, भरायची आणि घेऊन यायचं. हा मंगळवार काठावरच्या सगळ्या कारखान्यांना पाठ होता. त्या दिवशी कालवा इतका सोज्वळ दिसायचा, जणू त्याला कुणी बघायलाच येणार आहे. बुधवारी तो पुन्हा मूळ रंगावर यायचा.

सूनबाईचं म्हणणं असं, की पाणी वाहून जातं, मासा मात्र तिथेच राहतो. पाण्यातून जो धातू येतो तो थोडा थोडा त्याच्या अंगात साठतो. तेव्हा बाटलीला काय विचारता, माशाला विचारा. तिने स्वच्छ तळ्यातले करंगळीएवढे मासे आणले, पाच पुलांखाली पिंजऱ्यांत तीस दिवस ठेवले आणि आता त्यांची साक्ष घ्यायची वेळ आली होती. गुरुवारी जलसमितीची बैठक होती. मासे काही बोलले, तर योजना पुढे चालू. नाही बोलले, तर योजना बंद आणि सूनबाईची रवानगी पुन्हा तक्रार खिडकीत. त्या खिडकीत तिने चार वर्षं काढली होती. "नळाला पाणी नाही" हे वाक्य तिला अजून झोपेत ऐकू येई.

बाकीच्या चार पुलांचे मासे तपासून झाले होते आणि ते काहीही बोलले नव्हते. सगळे आकडे अगदी बेताचे. आता सगळी भिस्त चौथ्या पुलावर होती, आणि नेमकी त्याच पिंजऱ्याची दोरी शनिवारी गाळात अडकली. ती सोडवून सूनबाई प्रयोगशाळेत पोचली तोवर कुलूप लागलं होतं. साहेबांच्या सहीशिवाय कुलूप उघडत नसे आणि साहेब मुलीकडे जाऊन फोन बंद करून बसले होते. त्यात रविवारी सूनबाईच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. नवरा महिनाभर कामासाठी परगावी. म्हणजे घरात उरले बाबा.

बाबा चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशातलं लाल पेन निवृत्त झालं नव्हतं. वाण्याच्या यादीत ते ऱ्हस्व-दीर्घ बघत. औषधाच्या पुडीवरचा मजकूर आधी सुधारत, मग औषध घेत. सूनबाई घरी येऊन "आज कॉपर केलं, उद्या लेड करायचंय, झिंकचा लॅम्प गेलाय" असं सांगू लागली, की ते कानांवर हात ठेवत.

"मराठीत सांग, सूनबाई. आपल्याकडे काय शब्दांचा दुष्काळ पडलाय?"

आठ महिन्यांपूर्वी तिने भांडार विभागाला एक मागणीपत्र लिहिलं होतं. प्रयोगशाळेतल्या यंत्राला प्रत्येक धातू शोधायला वेगळा दिवा लागतो आणि जुने तिन्ही दिवे लुकलुकायला लागले होते. कच्चा मसुदा टेबलावर राहिला आणि सकाळी बघते तर तो लाल झालेला. 'कॉपर लॅम्प' खोडून बाबांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: तांब्याचा दिवा, एक नग. जस्ताचा दिवा, एक नग. शिशाचा दिवा, एक नग. तिने तसंच पाठवून दिलं. उत्तर अजून आलं नव्हतं, पण भांडार विभागाकडून आठ महिन्यांत उत्तर येईल अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

आता प्रयोगशाळेचा आणखी एक नियम सांगायला हवा. साहेबांनी तो मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावला होता: एक नमुना, एक तपासणी, एक पावती. म्हणजे ज्या माशात तांबे शोधलं, त्याच माशात शिसे शोधायचं नाही. त्यासाठी दुसरा मासा आणि दुसरी पावती. त्यामुळे तिथे सगळे जण सहज 'तांब्याचे मासे', 'शिशाचे मासे' असंच बोलत.

सूनबाईने मोरीत तीन प्लास्टिकच्या बादल्या मांडल्या, चार-चार मासे सोडले आणि गाडीची वेळ झाली म्हणून घाईघाईत चिठ्ठी लिहिली. लिहिताना तिला बाबांची आठवण झाली आणि तिने मुद्दाम शुद्ध मराठीत लिहिलं:

'बाबा, निळ्या बादलीतले मासे तांब्यासाठी, हिरव्या बादलीतले जस्तासाठी, पांढऱ्या बादलीतले शिशासाठी. सरमिसळ होऊ देऊ नये. साठवलेलंच पाणी वापरावं व ते वेळोवेळी बदलावं. सोमवारी सकाळी मी परस्पर ऑफिसात जाईन. मासे तिकडे घेऊन यावेत.'

ती गेल्यावर बाबांनी चिठ्ठी तीनदा वाचली. एकही चूक सापडली नाही. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी खाली सही करून तारीख घातली.

मग ते कामाला लागले.

निळ्या बादलीतले तांब्यासाठी. घरात तांब्या एकच होता. निवृत्तीच्या दिवशी छापखान्याने तो बाबांना दिला होता, लखलखीत तांब्याचा. त्यावर कोरलं होतं, 'सन्मानपुर्वक भेट'. पूर्वक ऱ्हस्व! चौतीस वर्षं ज्या माणसाने ऱ्हस्व-दीर्घापायी डोळे फोडले, त्याला ही भेट. बाबांनी तो तांब्या नऊ वर्षं कपाटात भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. आज पहिल्यांदा त्याचा काही उपयोग होणार होता. त्यांनी तो काढला, पाणी भरलं आणि चार मासे त्यात सोडले.

हिरव्या बादलीतले जस्तासाठी. माळ्यावर जस्ताची जुनी बादली होती. स्टूल लावून तीही निघाली.

पांढऱ्या बादलीतले शिशासाठी. इथे बाबा जरा थबकले. शिसे म्हणजे धातू, हे त्यांना माहीत होतं. छापखान्यातले अक्षरांचे खिळे शिशाचेच असत. पण शिशाचं भांडं कुणाच्या घरात असतं? त्यांनी जुना शब्दकोश उघडला आणि त्यांचा चेहरा उजळला. शिसा, पुल्लिंगी, म्हणजे मोठी बाटली.

"शिसा!" ते मोरीतल्या माशांना म्हणाले. "हा शब्द आता कुणाला माहीत असतो? माझ्या सुनेला आहे."

काचेची मोठी बरणी त्यांच्या टेबलावर होती. छापखाना बंद झाला तेव्हा आणलेले मूठ-दोन मूठ खिळे त्यांनी आठवण म्हणून तीत ठेवले होते. ते त्यांनी वर्तमानपत्रावर ओतले, बरणी पाणी घालून एकदा विसळली आणि चार मासे सोडले. तिन्ही भांडी बरोबर लागली. शंकेला जागाच उरली नाही.

पुढचे दोन दिवस बाबांचे फार सुखाचे गेले. दर तीन तासांनी ते पाणी बदलत आणि मधल्या वेळात खुर्ची घेऊन मोरीच्या दारात बसत. मासा पाणी लक्षात ठेवतो, असं सूनबाई म्हणे; म्हणजे नेमकं काय ठेवतो, हा प्रश्न त्यांना गप्प बसू देईना. चव? रंग? पत्ता? त्यांनी एका वहीत निरीक्षणं लिहिली. 'बरणीतले चौघे चौकस. बादलीतले आपल्याच नादात. तांब्यातले गंभीर, तोंड वर करून असतात. बहुधा पूर्वकबद्दल नाराज.'

रविवारी संध्याकाळी सूनबाईचा फोन आला. "बाबा, आईचं ऑपरेशन छान झालं. मासे कसे आहेत?"

"मजेत. सगळं तुझ्या चिठ्ठीबरहुकूम केलंय."

"तुमचा आधार आहे हो मला."

बाबांना भरून आलं. सोमवारी रिक्षात तांब्या हिंदकळेल म्हणून त्यांनी मासे पुन्हा आपापल्या रंगाच्या बादल्यांत घातले आणि प्रयोगशाळेत नेऊन पोचवले. निरोप घेताना त्यांनी एकेका बादलीवर क्षणभर हात ठेवला. पुढे त्यांचं काय होणार हे त्यांनी विचारलं नाही. सूनबाईनेही सांगितलं नाही.

मंगळवारी दुपारी यंत्राने आकडे दिले आणि सूनबाई खुर्चीवरून उठून उभी राहिली. तांबे इतर पुलांच्या अकरा पट. जस्त सहा पट. शिसे चार पट. तिने धावत जाऊन साहेबांना बोलावलं.

साहेबांचा माशांवर काडीचाही विश्वास नव्हता. तीस वर्षं त्यांनी बाटल्या भरल्या होत्या आणि बाटलीने कधी त्यांना त्रास दिला नव्हता.

"दिवा लुकलुकतोय, म्हणून येत असतील असले आकडे," ते म्हणाले.

"प्रत्येक धातूचे चारही मासे वेगवेगळे बघितले, सर. सगळे तेच सांगतायत."

साहेबांनी स्वतः बसून पावत्या तपासल्या. बारा मासे, बारा तपासण्या, बारा पावत्या. कागद चोख होता आणि कागद चोख असला की साहेबांचा विश्वास बसे. ते एकदम ताठ झाले.

"बाई, गाडी काढायला सांगा."

चौथ्या पुलाच्या वरच्या अंगाला नळाच्या तोट्यांना मुलामा देण्याचा कारखाना होता. त्याच्या मालकाला सगळे मुलामावाले म्हणत. बोलणंही तसंच, वरून चकाकणारं. साहेबांनी आकड्यांचा कागद समोर धरला तसे ते हसले.

"तांबे? अहो, मी निकेलचा मुलामा देतो. आणि देतो म्हणजे काय, देत होतो. दीड महिना झाला, मोटर जळलीय. या, दाखवतो."

खरंच टाक्या कोरड्या होत्या. एकीत कामगारांनी सायकल ठेवली होती.

"मग हे तांबे आलं कुठून?" साहेब गरजले.

"ते माशांना विचारा ना, साहेब. तुमचे साक्षीदार ते."

साहेबांना विनोद चालत नसे. त्यांनी तिथल्या तिथे नोटीस दिली. गुरुवारी समितीसमोर हजर व्हा, नाहीतर कारखान्याला कायमचं कुलूप. मुलामावाल्यांचं हसू मावळलं. परतीच्या वाटेवर सूनबाईने आकडे पुन्हा पुन्हा वाचले. टाक्या कोरड्या होत्या, हे काही तिच्या मनातून जाईना. साहेबांनी मात्र गाडीतूनच एका वार्ताहराला फोन लावला.

बुधवारी सकाळी बाबा चहा आणि लाल पेन घेऊन वर्तमानपत्राला बसले होते. सूनबाई डबा भरत होती.

"काय ही दशा!" बाबा कडाडले. "पहिल्या पानावर, मोठ्या टायपात! 'चौथ्या पुलाखाली माशांच्या पोटात तांब्या!' माशाच्या पोटात तांब्या कसा मावेल? मुद्रितशोधक ठेवत नाहीत हल्ली."

"तांबे म्हणायचंय त्यांना. छापताना चुकलंय."

"चुकलंय नाही, उलट केलंय," बाबा पेनाचं टोपण काढत म्हणाले. "माशांच्या पोटात तांब्या नव्हता. तांब्याच्या पोटात मासे होते."

सूनबाईच्या हातातला डबा तसाच राहिला.

"काय म्हणालात?"

"तूच नाही का लिहिलं होतंस? निळ्या बादलीतले तांब्यासाठी."

"बाबा... तुम्ही मासे तांब्यात ठेवलेत? कुठल्या?"

"एकच तर आहे. ऱ्हस्व पूर्वकवाला."

"तो... तांब्याचा तांब्या?"

"दोन दिवस. मग जस्ताच्या बादलीत जस्तवाले, आणि—"

सूनबाई हळूच खाली बसली. तिला आधी रडू आलं, मग हसू आलं, मग पुन्हा रडू आलं. बाबांनी तिच्या हातातला डबा काढून घेतला. काय झालंय ते त्यांना तिने समजावून सांगितलं, कॉपर, झिंक, लेड, सगळं मराठी न करता, आणि या वेळी बाबांनी कानांवर हात ठेवले नाहीत. त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

"चौतीस वर्षांत," ते म्हणाले, "माझ्या हातून अर्थाचा अनर्थ झाला नव्हता."

"तुमची चूक नाही, बाबा. मीच नीट लिहायला हवं होतं."

"नीटच लिहिलं होतंस. तेच तर झालं."

साहेबांना हे सांगणं सोपं नव्हतं. ते वर्तमानपत्राचं कात्रण काचेखाली सरकवत होते. ऐकून घेतल्यावर त्यांनी उठून दार लावलं.

"बाई, हे तुम्ही मला सांगितलेलं नाही. पावतीवर काय आहे? तांबे. माशात काय निघालं? तांबे. मधे कुठल्या भांड्याची पावती आहे का? नाही. मग झालं तर."

"पण सर, त्या माणसाचा कारखाना बंद होईल. न केलेल्या गोष्टीसाठी."

"आणि खरं सांगितलंत तर तुमची योजना बंद होईल. तक्रार खिडकीतली खुर्ची रिकामीच आहे अजून, ठाऊक आहे ना?"

तिला ठाऊक होतं. ती खुर्ची, तिचा कुरकुरणारा पाय, समोरची रांग, सगळं तिला दिसलं. दिवसभर तिचं कशात लक्ष लागलं नाही. मासे खोटं बोलले असते तर तिने त्यांना सहज सोडून दिलं असतं. पण ते खोटं बोललेच नव्हते.

गुरुवारी समितीच्या दालनात लांब टेबलाभोवती सगळे जमले. एका टोकाला मुलामावाले वकिलासारखा चेहरा करून बसले होते. अध्यक्षबाई पूर्वी शाळेत विज्ञान शिकवत. कुणी बोलू लागलं की त्या मान तिरकी करून ऐकत, जणू उत्तर त्यांना आधीच माहीत आहे. साहेबांनी अहवाल वाचून संपवला. सूनबाई उभी राहिली.

"मॅडम, चौथ्या पुलाचे आकडे रद्द करावे लागतील."

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

तिने सगळं सांगितलं. चिठ्ठी वाचून दाखवली. 'तांब्यासाठी' आलं तेव्हा दालनात कुणीतरी खुसखुसलं, 'जस्तासाठी'ला सगळेच हसले आणि 'शिसा, पुल्लिंगी'पर्यंत मुलामावाल्यांना ठसका लागला. एवढ्यात दार उघडलं आणि हातात मोठी पिशवी घेऊन बाबा आत आले.

"मी सासरा," ते म्हणाले. "पुरावा आणलाय."

त्यांनी टेबलावर तांब्या ठेवला. शेजारी जस्ताची बादली. मग काचेची बरणी. अध्यक्षबाईंनी तांब्या उचलून फिरवला.

"पूर्वक ऱ्हस्व आहे हो यात."

बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू नऊ वर्षांनी कुणीतरी त्यांची तक्रार दाखल करून घेतली होती.

"तांबे समजलं, जस्तही समजलं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण ही बरणी काचेची आहे. मग शिसे चार पट का आलं?"

सूनबाईने बरणीकडे पाहिलं. गेली पूर्ण रात्र तिला तेवढी एकच आशा होती, की निदान शिसे तरी कालव्यातलं असेल.

"त्यात आधी काय होतं?" अध्यक्षबाईंनी बाबांना विचारलं.

"काही नाही. आठवण म्हणून थोडे खिळे. छापखान्यातले." बाबा बोलता बोलता थांबले. "शिशाचे."

सूनबाईने डोक्याला हात लावला. बाबांनी मात्र बरणी हातात घेतली, तिच्या तळाशी पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू नवल उमटलं.

"मी एकदा विसळून घेतली होती," ते म्हणाले. "मला तळाशी काहीच दिसलं नाही. त्यांना कळलं? सूनबाई, त्यांना माझा छापखाना कळला?"

"हो, बाबा."

"निरोपाची भेटही कळली. माळ्यावरची बादलीसुद्धा. माझं सगळं आयुष्य ओळखलं की गं त्यांनी!"

अध्यक्षबाई पुढे सरकल्या. "साहेब, याच बरणीतलं पाणी तुम्ही तुमच्या बाटलीत भरून तपासलं असतं तर काही सापडलं असतं?"

"थोडंसं... कदाचित," साहेब म्हणाले.

"आणि हे तर दर तीन तासांनी पाणी ओतून देत होते. ओतल्यानंतर बाटली घेऊन गेला असता तर?"

"तर काय सापडणार! पाणीच गेलं म्हटल्यावर..." साहेबांचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

"पाणी गेलं. मासे विसरले नाहीत." अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "दोन दिवसांत माशांनी एका घरातली तीन भांडी ओळखली. मला वाटतं, साक्षीदार भरवशाचे आहेत. फक्त चुकीच्या ठिकाणची साक्ष दिलीय त्यांनी. योजना चालू ठेवा. चौथ्या पुलाखाली नवा पिंजरा लावा, तीस दिवसांसाठी. मुलामावाले, नोटीस मागे घेतली. तुम्ही सुटलात."

मुलामावाले इतका वेळ पोट धरून हसत होते. आता त्यांचं हसू एका बाजूने कमी होऊ लागलं.

"तीस दिवस?" ते म्हणाले. "म्हणजे... सलग? रोज?"

"मासे रजा घेत नाहीत."

"नाही, आनंदच आहे. पण सोमवारी माझी मोटर दुरुस्त होऊन येतेय. मी काय म्हणतो, हा पिंजरा जरा वरच्या अंगाला, पाचव्या पुलाखाली लावला तर? तिथे सावली चांगली आहे. माशांनाही बरं."

अध्यक्षबाईंनी नुसती मान तिरकी केली. मुलामावाल्यांनी घाम पुसला. सूनबाई हसली आणि या आठवड्यात पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता आला.

त्यानंतर साहेबांनी भिंतीवरच्या नियमात भर घातली: एक नमुना, एक तपासणी, एक पावती, एक भांडे (प्लास्टिक). प्रयोगशाळेतली प्रत्येक सूचना बाहेर पडण्याआधी बाबांच्या नजरेखालून जाऊ लागली. बाबा आता फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघत नसत. प्रत्येक वाक्यापुढे थांबून विचारत, "ह्याचा आणखी काय अर्थ निघेल?" आणि निघणारा प्रत्येक अर्थ शोधून काढत. त्यामुळे तीन ओळींची सूचना दीड पान होई. पण एकही मासा पुन्हा चुकीच्या भांड्यात पडला नाही.

तीन आठवड्यांनी एका सकाळी बाबा प्रयोगशाळेत अशीच एक सूचना तपासत बसले असताना भांडार विभागाचा शिपाई एक खोका आणि एक पत्र ठेवून गेला.

"बाबा, दिवे आले!" सूनबाई ओरडली. "नऊ महिन्यांनी! आता यंत्र लुकलुकायचं थांबेल."

तिने खोका फोडला. वर भरपूर पेंढा होता. पेंढ्यातून तिने पहिला दिवा बाहेर काढला. तो तांब्याचा होता. लखलखीत, तळहाताएवढा, तेल घालायला खोलगट, सोबत कापसाच्या बारा वाती. दुसरा दिवा म्हणजे काचेचं गोल पोट असलेला एक कंदील होता. त्याला चिठ्ठी बांधली होती, 'शिशाचा दिवा, एक नग'.

यंत्र आपलं कोपऱ्यात लुकलुकत होतं. साहेबांनी दोन्ही दिवे उचलून पाहिले, मूळ मागणीपत्र पाहिलं आणि नाइलाजाने म्हणाले, "मागणीप्रमाणे आहे. पावतीवर सही करावी लागेल, बाई."

बाबांनी मागणीपत्रावरचं आपलंच वळणदार अक्षर ओळखलं. त्यांनी खिशातलं लाल पेन चाचपलं, पण काढलं नाही.

"तिसरा कुठाय?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

सूनबाईने पत्र उघडलं आणि वाचू लागली. "'आपल्या मागणीपैकी दोन नग सोबत पाठवत आहोत. उशिराबद्दल क्षमस्व. जस्ताचा दिवा मात्र आठ महिने शोधूनही बाजारात कुठेच उपलब्ध झाला नाही. त्याऐवजी जस्ताची बादली चालेल का, ते उलट टपाली कळवावे.'"

"नको म्हणून कळव," बाबा म्हणाले. "ती आपल्या घरी आहे."